पोरं हायवेवर पळतात, अन् कॅनॉलचा भराव बाभळीला आंदण दिलाय

पोस्ट मोठी आहे, सवड काढून वाचा. अर्धी वाचून भांडायला येऊ नका, पूर्ण वाचून या.

गेल्या आठवड्यात वरवंडच्या बाजूला कॅनॉलच्या भरावावरून काढलेला एक फोटो टाकला होता. एका हाताला काठोकाठ पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, मधून मुरमाची सरळ वाट. लाइक भरपूर पडले. पुण्यातल्या एका मित्रानं लिहिलं, ‘अरे, हे तर युरोप!’ दुसरा म्हणाला, ‘रविवारी आम्ही दहा-वीस जण पळायला येतो, लोकेशन टाक.’

लोकेशन टाकलं नाही. कारण फोटो जिथं उभा राहून काढला, तिथून शंभर पावलांवर वाट संपते. पुढं वेडी बाभूळ आहे. त्यापुढं कुणाच्या तरी पाइपलाइनसाठी भराव आडवा चिरलाय. त्याच्याही पुढं मोरीजवळ चिकनवाल्यांनी टाकलेली पिसं आणि आतड्यांच्या पिशव्या, अन् रात्रीच्या बैठकीत फोडलेल्या बाटल्या. ते फोटोत येत नाही, कारण मी मोबाइल तिकडं फिरवला नाही.

आता मुद्दा. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत पळायला जागा नाही, असं जे म्हणतात ते खोटं आहे. जागा आहे, सरकारी आहे, सपाट आहे, आणि तिच्यासाठी एक गुंठाही नवीन घ्यावा लागणार नाही. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटरचा आहे. पुणे शहर, हवेली, मग आपलं दौंड आणि शेवटी इंदापूर. भीमेच्या पलीकडं शिरूर तालुक्यात चासकमानचा डावा कालवा, तोही १४४ किलोमीटरचा, खेडातून निघून न्हावऱ्याकडं येतो. शिवाय डिंभ्याचं पाणी आहे, चिंचणीच्या घोड धरणाचे कालवे आहेत, आणि प्रत्येकाच्या चाऱ्या-वितरिका वेगळ्या. या मोठ्या कालव्यांच्या कडेनं खात्याच्या लोकांना फिरता यावं, गळती बघता यावी, जेसीबी नेता यावा म्हणून वाट ठेवलेली असते. कागदावर तिला निरीक्षण पथ म्हणतात. आपण म्हणतो कॅनॉलपट्टी.

ती मोकळी करा, एवढंच माझं म्हणणं आहे. पण ‘एवढंच’ करायला इथं कुणी तयार नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, म्हणून ही पोस्ट.

आधी हे कुणासाठी, ते सांगतो. वजन कमी करायला पळणारे माझ्यासारखे चाळिशीतले लोक बाजूला ठेवा. आमचं काय, गल्लीत फिरलो तरी चालेल. आपल्या गावांतून पहाटे जी पोरं-पोरी पळतात ती भरतीसाठी पळतात. पोलीस शिपाई भरतीला मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण एकट्या पळण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. राज्य राखीव पोलीस दलाला तर पाच किलोमीटर, त्याला १०० पैकी ५० गुण. दौंड शहरात राखीव दलाचे गट ५ आणि ७ आहेत. म्हणजे ती वर्दी आपली पोरं लहानपणापासून रोज बघतात. दोन एकर जिरायत, घरात दोन भाऊ, बारावी झालेली. अशा पोराला भरती हा छंद नसतो. त्याच्या घरचा तो पुढच्या तीस वर्षांचा हिशेब असतो. काही सेकंदांनी गुण जातात आणि एका गुणानं यादीतून नाव जातं.

ही पोरं पळतात कुठं? सोलापूर हायवेच्या कडेनं. नगर रोडच्या कडेनं. न्हावरा-चौफुला रस्त्यावर. पहाटे पाचला, अंधारात, काळ्या टी-शर्टात. गाळप हंगामात त्याच रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागं रिफ्लेक्टर नाही, टेप मोठ्यानं लावलेला, अन् ड्रायव्हर रात्रभर जागा.

काय होऊ शकतं ते कल्पनेनं सांगत नाही. १९ जानेवारी २०२५ ला बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे रस्त्यावर बसनं उडवलं. तीन पोरं गेली. दोन दिवस बातमी चालली, शोकसंदेश आले, आणि पोरं परत रस्त्यावर पळायला लागली, कारण दुसरी जागा कुणी दाखवली नाही. आपल्याकडं अजून तसं झालं नाही म्हणून आपण शहाणे ठरत नाही.

मुलींचं तर विचारूच नका. मुलगा हायवेवर तरी पळतो. मुलीला बापानं मोटरसायकल घेऊन मागं-मागं चालवत न्यावं लागतं. ज्या बापाला पहाटे दूध घालायला जायचं असतं, त्याची मुलगी घरातच दोरीच्या उड्या मारते आणि मैदानावर ८०० मीटरला धाप लागते. ‘मुली कमी पडतात’ असं म्हणणाऱ्यांनी आधी त्यांना पळायला हजार मीटर सुरक्षित वाट दाखवावी.

मग कॅनॉलपट्टी का नाही? मी हा प्रश्न एका अधिकाऱ्याला विचारला. नाव आणि कचेरी दोन्ही बाजूला ठेवतो. ते म्हणाले, ‘भरावावर लोक आणले तर भराव खचतो. आणि कुणी पाण्यात पडलं तर जबाबदार कोण?’

दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

भराव पळणाऱ्यांच्या बुटांनी खचत नाही. तो खचतो मुरूम चोरल्यानं, आडवा चिरल्यानं, बाभळीच्या मुळ्यांनी आणि बिळांनी. २७ सप्टेंबर २०१८ आठवा. पुण्यात दांडेकर पुलाजवळ हाच मुठा उजवा कालवा फुटला आणि गरिबांच्या वस्तीतून नदी वाहिली. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी कारण काय सांगितलं? उंदीर, घुशी आणि खेकडे. राज्यभर हसू झालं. पण मी त्यातलं दुसरंच वाक्य ऐकलं. घुशींनी बीळ पाडेपर्यंत, ते मोठं होऊन त्यातून पाणी झिरपेपर्यंत त्या भरावावरून डोळे उघडे ठेवून कुणी चाललंच नव्हतं. पूर्वी पाटकरी असायचे. हातात खोरं, डोक्याला मुंडासं, रोज ठरलेल्या अंतराची फेरी. गळती दिसली की तिथंच माती दाबायचे. आता पाटकऱ्यांच्या जागा भरत नाहीत आणि भरावावर कुणी फिरकत नाही. रोज सकाळी शंभर पोरं त्या वाटेनं पळाली, तर खात्याला शंभर बिनपगारी पाटकरी मिळतील. पायाखाली ओल लागली की पळणाऱ्याला पहिल्यांदा कळतं. त्याच्या हातात मोबाइल असतो. एक नंबर द्या, फोटो येईल.

पाण्यात पडण्याचं भय खोटं नाही. आवर्तन सुटलेलं असतं तेव्हा कॅनॉल म्हणजे मजा नाही. अस्तर केलेल्या उताराला शेवाळ असतं, हात टेकत नाही, पोहता येणारासुद्धा बाहेर येत नाही. त्यासाठी ठरावीक अंतरावर लोखंडी शिड्या लावा, मोऱ्यांजवळ आडवा दोर टाका, वळणावर कठडा करा. हे तसंही करायला हवं, कारण कॅनॉलवर आजही बाया धुणं धुतात, शाळेची पोरं शॉर्टकट मारतात, गुरं पाण्यावर येतात. त्यांच्यासाठी ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न कुणाला पडलेला ऐकला नाही. पळणाऱ्याचं नाव काढलं की तो पडतो.

आता सरकारवरून आपल्याकडं येतो. इथं काही जण मला अनफ्रेंड करतील, चालेल.

भरावाचा मुरूम मंगळावरून येऊन कुणी नेत नाही. रात्री ट्रॉली आपल्याच वस्तीवरून जाते. भरावाच्या पायथ्यापर्यंत ऊस कुणी टेकवला? मोरीखाली कचरा कुठल्या ग्रामपंचायतीची घंटागाडी ओतते? ज्यांच्या जमिनी कॅनॉलात गेल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्या ट्रॅक्टरला, बैलगाडीला त्या वाटेनं जायचा हक्क राहिलाच पाहिजे. पण ज्यांची एक काकरी गेली नाही, ते पाच-पाच फूट भराव नांगरून बसलेत. कालवा ही सरकारी मालमत्ता आहे, तिला इजा करणं १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाप्रमाणं गुन्हा आहे. कारवाई होत नाही, कारण प्रत्येक अतिक्रमणामागं कुणाचा तरी कार्यकर्ता असतो.

शेतकऱ्यांची एक शंका मात्र रास्त आहे. ‘पळायच्या वाटेच्या नावाखाली आमच्या बोकांडी अस्तरीकरण मारू नका.’ कॅनॉलच्या पाझरावर कित्येक विहिरी जगतात, सिमेंट झालं की विहिरी बसतात, म्हणून पलीकडं नीरेच्या कालव्यावर लोकांनी अस्तरीकरणाला विरोध केला. माझ्या मागणीत सिमेंटची एक गोणी नाही. हे लिहून ठेवा.

कारण मला सगळ्यात जास्त भीती विरोधकांची वाटत नाही, ‘समर्थकांची’ वाटते. ही पोस्ट वाचून एखादा पुढारी उठेल आणि म्हणेल, छान कल्पना, निधी आणतो. मग पेव्हर ब्लॉक येतील. कमान येईल, कमानीवर फोटो येतील. ‘आय लव्ह आमचं गाव’ असा लाल बदाम येईल, सेल्फी पॉइंट येईल, अन् शेजारी ओपन जिम. ओपन जिमचं काय होतं ते प्रत्येक गावात बघून घ्या. पेडल तुटलेली सायकल, गंजलेला झोका, त्यावर वाळत घातलेली गोधडी. पेव्हर ब्लॉकवर रोज पळालेल्या पोराचे गुडघे भरतीच्या आधीच बोलायला लागतात. मुरूम पायाला बरा असतो आणि तो तिथं आधीच आहे. बाभूळ काढा, खड्डे भरा, रोलर फिरवा. बस.

नट्टापट्टा कसा असतो ते बघायचं असेल तर पुण्याला जा. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधारणा प्रकल्प तिथं चाललाय. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. खर्चाचा अंदाज ४ हजार ७०० कोटींच्या पुढचा. त्यात चालायला वाट, सायकलला वाट, बसायला पायऱ्या. पुणेकरांनी पळू नये असं मी कसं म्हणेन? झाडं तोडण्यावरून तिथलेच लोक रस्त्यावर उतरले, ते त्यांचं ते बघतील. माझं भांडण वेगळं आहे. त्या देखण्या काठामधून जे पाणी वाहतं ते कुठं जातं?

आपल्याकडं येतं. हवेली ओलांडून राहू बेटातून आपल्या तालुक्यात, आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेत. नदी स्वच्छ करायला जपानच्या जायकाशी कर्जाचा करार झाला तो जानेवारी २०१६ मध्ये, त्यातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं व्हायची होती. करारानंतर जन्मलेली पोरं शाळेत जायला लागली, आणि राहू बेटातल्या बंधाऱ्यांवर अजून जलपर्णीची गादी असते. उन्हाळ्यात त्या काठानं पळून बघा. छाती भरून श्वास घ्यायचा म्हटलं तर फेस आणि मैल्याचा वास नाकात जातो. म्हणजे वर काठ सुधारायचा आणि खाली नदी सोडून द्यायची.

कॅनॉलचंही तसंच. आपल्याकडं दोन मुठा कालवे आहेत हे बाहेरच्यांना माहीत नसतं. एक नवा, ज्यातून धरणाचं पाणी येतं. दुसरा जुना, साहेबाच्या काळातला, ज्याला आपण बेबी कॅनॉल म्हणतो. शहरानं धरणातलं पाणी जास्त घ्यायचं आणि बदल्यात साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून या बेबी कॅनॉलला सोडायचं, असा ठराव होता. शुद्ध किती होतं ते त्या काठच्या शेतकऱ्याला विचारा, प्रयोगशाळेची गरज नाही. डोळे झाकून उभं केलं तरी आपला माणूस सांगेल, हा नवा कॅनॉल आणि हा बेबी. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या आसपास. त्यातलं शहराला किती आणि शेतीला किती यावर दरवर्षी कालवा सल्लागार समितीत भांडण होतं. व्हायलाच पाहिजे. पण त्या समितीपुढं कॅनॉलच्या काठाचा विषय आल्याचं मी माझ्या वीस वर्षांच्या बातमीदारीत लिहिलेलं नाही.

ज्या साहेबानं १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण बांधलं, त्याच्या देशात कालव्यांचं काय झालं बघा. तिथले कालवे मालवाहतुकीचे. काठानं घोडा चालायचा आणि दोरानं होडी ओढायचा. त्या घोड्यासाठी वाट केलेली. पुढं रेल्वे आली, होड्यांचा धंदा बसला, घोडे गेले. वाट मात्र त्यांनी बुजू दिली नाही. आज त्याच वाटेनं लोक चालतात, पळतात, कुत्री फिरवतात, तिकीट नाही. मित्राला जे ‘युरोप’ वाटलं ते पाण्यामुळं नाही, त्या मोकळ्या वाटेमुळं.

आणि आपल्याला युरोप कशाला पाहिजे? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव निघालं, आणि त्यात बांध आणि पाण्याचा पाट सापडला. म्हणजे शिरूरच्या माणसाला पाट काढायची अक्कल तीन हजार वर्षांची आहे. नदीची वाट लावायची अक्कल मात्र अलीकडची. भीमा आणि घोडच्या काठानं आज पळायचं म्हटलं तर वाळू उपशानं पाडलेले खड्डे आहेत, काठ तासलेले आहेत. महसूल खात्यानं जिलेटिन लावून वाळूच्या बोटी उडवल्याच्या बातम्या मी स्वतः केल्यात, आणि काही दिवसांनी त्याच पात्रात नव्या बोटी दिसल्याच्याही. म्हणून मी नदीकाठाची मागणी आत्ता करत नाही. दौंडच्या रेल्वे पुलाखालून सकाळी भीमा फार सुंदर दिसते, पण तिच्या काठाचं काम मोठं आहे. कॅनॉलपट्टीचं काम एका उन्हाळ्याचं आहे.

बिबट्याबद्दल बोललो नाही तर शिरूरकर म्हणतील, हा दौंडात बसून लिहितोय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. त्या गावांना मी ‘कॅनॉलवर पळा’ असं सांगणार नाही. दोन्ही बाजूंनी ऊस आहे तिथं कुणीच अंधारात जाऊ नये, एकट्यानं तर नाहीच. म्हणून सगळी कॅनॉलपट्टी उघडा असं मी म्हणतच नाही. गावाजवळचा, ज्याच्या एका बाजूला तरी मोकळं रान किंवा वस्ती आहे असा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा निवडा. उजाडल्यावर पळायचं, गटानं पळायचं. बाभूळ आणि घाणेरी काढली की बिबट्याचा आडोसाही जातो. वन खात्याच्या माणसाला तुकडा निवडतानाच बरोबर घ्या.

कुणी म्हणेल, तालुक्याला स्टेडियम मागा ना. मागा की. पण राहूच्या किंवा मांडवगण फराट्याच्या पोरानं पहाटे चारला उठून तालुक्याच्या स्टेडियमला कशानं यायचं? एसटीनं? कॅनॉल त्याच्या दारावरून जातो.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमचे एक मास्तर सांगायचे, मागणी एवढी बारीक करा की नाही म्हणणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. म्हणून बारीक करून मागतो. प्रत्येक मोठ्या गावाच्या हद्दीत एक तुकडा. खात्यानं तिथली हद्द मोजून खुणा कराव्यात, बाभूळ आणि चिरलेला भराव याचं बघावं, शिड्या लावाव्यात, पाणी सुटणार त्याच्या आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर निरोप टाकावा. ग्रामपंचायतीनं मोरीखालचा कचरा उचलावा आणि परत टाकू देऊ नये. सकाळी साडेपाच ते आठ मोटरसायकल आणि ट्रॉली बंद, शेतात जाणारा ट्रॅक्टर सोडून. पोलिसांनी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मोरीवर चक्कर मारावी, बाटल्या आपोआप कमी होतील. शेवटी ही पोरं त्यांच्याच खात्यात जाणार आहेत. आणि पोरांनी दर शंभर मीटरवर चुन्याची खूण करून घ्यावी. १६०० कुठं संपतात ते कळलं पाहिजे.

पुण्याच्या मित्रांनो, तुम्हीही या. पण ड्रोन आणि टी-शर्टांची जत्रा घेऊन एक रविवार येऊ नका. यायचं तर पाण्याच्या बाटल्या परत न्या, आणि जाताना तुमच्या नगरसेवकाला बेबी कॅनॉलच्या वासाचं काय ते विचारा.

आता काम. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा आहे. तीन गावांतल्या पोरांशी माझं बोलणं झालंय, आणखी गावं हवीत. तुमच्या हद्दीत कॅनॉलपट्टी कुठल्या मोरीपासून कुठल्या मोरीपर्यंत मोकळी आहे आणि कुठं अडली आहे, ते कमेंटमध्ये लिहा. कडेला किलोमीटरचा दगड असेल तर त्याचा आकडा टाका, फोटो टाका. अतिक्रमण कुणाचं आहे त्याचं नाव मात्र कमेंटमध्ये टाकू नका, भांडणं लागतील. ते मला फोन करून सांगा, मी जाऊन बघतो.